वाचक विचारतात : उपनगरांतली हरवलेली रेसकोर्स

प्रश्न : लंडन-न्यूयॉर्कच्या उपनगरांत पूर्वी ठिकठिकाणी रेसकोर्स होती म्हणतात. ती बंद का पडली?

उत्तर : ढोबळ उत्तर म्हणजे रेल्वेने आणली, जमिनीच्या भावाने नेली. पण दोन्ही शहरांत कायद्याचाही हात आहे. लंडनभोवतीच्या लहानसहान शर्यतींत घोडे सुमार आणि दंगा फार, म्हणून १८७९ च्या कायद्याने लंडनच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून दहा मैलांच्या आत शर्यत भरवायला परवाना सक्तीचा केला. बहुतेकांनी गाशा गुंडाळला. अलेक्झांड्रा पार्क मात्र १९७० पर्यंत टिकलं. त्याचा आकार तळणीच्या तव्यासारखा, लांब दांड्याचा: लांबच्या शर्यतीत घोडे स्टँडसमोरून सुटायचे, दांड्यावरून पळत जाऊन टोकाच्या फेऱ्यातून फिरायचे आणि त्याच दांड्यावरून परत यायचे. वळणं मात्र भलतीच आवळ.

न्यूयॉर्कमध्ये घाव बसला तो बेटिंगवर. १९०८ च्या कायद्यानंतर बुकींचा धंदा आटला आणि १९११-१२ मध्ये राज्यात शर्यतीच झाल्या नाहीत. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, पण शीप्सहेड बे आणि ग्रेव्हसेंड या ब्रुकलिनच्या रेसकोर्सवर घोडे परतले नाहीत. शीप्सहेड बेवर १९१५ मध्ये मोटारी धावू लागल्या. जमेका रेसकोर्स १९५९ पर्यंत चाललं. तिथे आज रॉचडेल व्हिलेज ही वसाहत आहे.

प्रश्न : नकाशात अर्धगोल रस्ता दिसला की तिथे रेसकोर्स होतं असं धरायचं का?

उत्तर : नाही. आधी मोजा. अमेरिकी पद्धतीचा एक मैलाचा ट्रॅक म्हणजे साधारण पाव मैलाच्या दोन सरळ बाजू आणि तेवढीच दोन अर्धवर्तुळं. म्हणजे वळणाची त्रिज्या सुमारे १२८ मीटर, रुंदी २५६ आणि लांबी ६५८ मीटर. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकला सगळं निम्मं. एकूण फेरी चारशे-पाचशे मीटरच भरली, तर ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीचा ट्रॅक असण्याची शक्यता जास्त. इंग्लंडात हा हिशेब चालत नाही, कारण तिथली हिरवळीची धाव जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकडीतिकडी असते. तिथे लागोपाठच्या दोन सर्वेक्षणांचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे शेजारी ठेवा आणि स्टँड व कुंपणाच्या खुणा शोधा.

फसगतीचं ठळक उदाहरण लंडनच्या केन्सिंग्टनचं. नॉटिंग हिलच्या उतारावर १८३७ मध्ये हिप्पोड्रोम नावाचं रेसकोर्स सुरू झालं. तिथले गोल रस्ते ट्रॅकवरूनच आखले असं सर्रास सांगतात; पण त्या जमिनीवर वर्तुळाकार वस्तीचा आराखडा १८२३ मध्येच झाला होता. खरी खूण उरली ती नावांत: हिप्पोड्रोम प्लेस, हिप्पोड्रोम म्यूज.

प्रश्न : मग हे हिप्पोड्रोम इतक्या लवकर का बुडालं?

उत्तर : दोन कारणं. आवारातून जुनी सार्वजनिक पायवाट जात होती, त्यामुळे लोक तिकिटाविना हक्काने आत यायचे. दुसरं आणि जास्त घातक म्हणजे जड चिकणमाती. तिच्यातून पाणी झिरपत नाही. पावसात खूर रुततात, हिरवळ ढेकळांसकट उपटते, आणि उन्हात तीच जमीन विटेसारखी कडक होऊन घोड्यांचे पाय निकामी करते. सरावालाच घोडे यायला तयार नसले की शर्यतीला कुठून येणार? चार-पाच वर्षांत सगळं आटोपलं.