बाळ झोपल्यावर बनलेला गणपती

मी लहान मुलांच्या पालकांचं समुपदेशन करते. श्रावण लागला की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येऊ लागते. "मॅडम, आमचा एका जागी बसून काही करतच नाही." नागपंचमीला कागदाचा नाग, पोळ्याला मातीचा बैल, मग गणपती, आपट्याची पानं, आकाशकंदील. दर पंधरा दिवसांनी शाळेतून ‘घरी करून आणा’ येतं, ग्रुपवर इतर मुलांचे फोटो पडतात. मग अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या आया रडवेल्या होऊन विचारतात, याच्यात काही कमी आहे का? गेल्या भाद्रपदात आलेल्या एका आईची गोष्ट त्या सगळ्यांसाठी सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तीच पिशवी घेऊन. पिशवीत साडेतीन वर्षांच्या लेकाची फाइल. पहिल्याच पानावर कापसाचा गणपती, टिकल्यांचा मुकुट, सोनेरी कागदाचे मोदक, खाली रेखीव अक्षरांत मुलाचं नाव. सुंदर काम होतं. मी विचारलं, "यात त्याचं काय आहे?"

तिनं कोपऱ्यातला हिरवा ठसा दाखवला. दूर्वा म्हणून त्याचं बोट बुडवून घेतलेलं.

"आणि बाकीचं?"

"मी केलं. रात्री, तो झोपल्यावर." मग घाईघाईनं, "सगळ्याच करतात, मॅडम."

सगळ्याच करतात, हे खरं आहे.

पुढच्या वेळी मी मुलाला घेऊन यायला सांगितलं. मूठभर शाडू त्याच्यापुढे ठेवला आणि आईला म्हटलं, दहा मिनिटं हात मांडीवर ठेवायचे, तोंडानंही काही सुचवायचं नाही. पहिल्या दोन मिनिटांत तिनं तीनदा हात पुढे केला. "अरे, आधी पोट कर, मग सोंड." दर वेळी तो माती सोडून तिच्या तोंडाकडे बघायला लागायचा. ती गप्प बसली तशी त्याची बोटं सुरू झाली. त्यानं गोळा फोडला, चार तुकडे केले, एकावर थुंकून पाहिलं, मऊ होतोय म्हटल्यावर माझ्याकडे पाणी मागितलं. सगळ्यात लहान तुकडा टेबलाखाली नेऊन ठेवला आणि म्हणाला, "उंदीर झोपलाय."

"बघा ना, काहीच बनवलं नाही त्यानं," आई म्हणाली.

मी तिला सांगितलं की गेल्या दहा मिनिटांत त्यानं एकाचे चार केले, लहान-मोठं ओळखलं, कोरडी माती पाण्यानं मऊ होते हे शोधून काढलं, आणि समोर नसलेला उंदीर मनात उभा करून त्याला झोपवलंसुद्धा. या वयात याहून मोठा अभ्यास नाही. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. पटणारही नव्हतं, कारण तिची खरी काळजी मुलाबद्दलची नव्हतीच.

तिसऱ्या भेटीत मी फाइलचा विषयच काढला नाही. लहानपणची दिवाळी विचारली. ती कऱ्हाडची. वाड्यातली मुलं मिळून किल्ला करायची: विटा, दगड, वर भिजवलेलं गोणपाट, त्यावर लाल माती. "मी सगळ्यांत लहान. मला मावळ्यांना हातही लावू द्यायचे नाहीत. माझं काम दोनच. लोटीनं पाणी आणायचं आणि अळीव टाकायचं." अळीव म्हणताना तिचं बोट आपोआप अंगठ्यावर घासलं गेलं. "भिजलं की बुळबुळीत होतं ना ते. तीन दिवसांत हिरवं यायचं. मी पहाटे उठून बघायचे."

"कोणी किल्ला बघायला आलं की?"

"मीच पुढे व्हायचे! सांगायचे, हा किल्ला आम्ही केलाय..."

ती थांबली. मीही काही बोलले नाही. खिडकीबाहेर रिक्षा वळण्याचा आवाज आला, तो मला अजून आठवतो. मग तिचे डोळे भरले. "मॅडम, लोटीभर पाणी आणून मी ‘आम्ही’ म्हणायचे. आणि याला मी एक ठसा देते, बाकीचा गणपती माझा."

समुपदेशनात अशा क्षणाची वाट पाहावी लागते, तो ओढून आणता येत नाही. मी इतकंच विचारलं, "तुमच्या घरच्या सणात त्याचा वाटा कोणता?"

त्या दिवशी एक गोष्ट मलाही लख्ख दिसली. इतकी वर्षं मी पालकांना सोप्या सोप्या कृती सुचवत आले. त्या चुकीच्या नव्हत्या. पण तीन वर्षांच्या मुलाला कृती नको असते, काम हवं असतं. मोठी माणसं करतात ते खरं काम, त्याच्या हाताला पेलेल एवढं कापून दिलेलं. माझी बैठक बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या वाटेवरची आहे, हे मी लपवत नाही. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे सहकारी अनुताई वाघांसोबत कोसबाडला काम नेलं. बाजारातल्या महागड्या साधनांऐवजी त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, खडे मुलांच्या हाती दिले. मूल जिथे राहतं तिथलंच साहित्य, तिथलंच काम. आपल्या सणांत हे सगळं आयतं आहे.

म्हणून आता मी पालकांना शाळेच्या कागदापासून नाही, घरातल्या कामापासून सुरुवात करायला सांगते. दूर्वा निवडायला बसा. दोन वर्षांचं मूल त्या नुसत्या एका ताटातून दुसऱ्यात टाकेल. टाकू द्या, चिमटीची तयारी त्यातूनच होते, आणि पुढे पेन्सिल त्याच चिमटीत येते. चार-साडेचार वर्षांचं मूल तुमच्यासोबत एकवीस मोजेल, मध्ये चौदा गाळेल, पुन्हा मोजेल. आपट्याचं पान मधोमध दुमडलं की दोन्ही भाग एकमेकांवर बसतात. ही गंमत त्याला स्वतःला सापडू द्या, आधी सांगू नका. दिवाळीला कणकेचे दिवे, चिवड्याच्या पोह्यांतला कचरा वेचणं, साध्या पणतीला गेरू फासणं. नवरात्रातला घट तर मला सगळ्यांत आवडतो. मातीत धान्य पेरायचं, रोज पाणी द्यायचं, नऊ दिवस अंकुर वाढताना बघायचे. रोज एक कागदाची पट्टी अंकुराएवढी कापून भिंतीवर लावली, तर चार वर्षांच्या मुलाला ‘काल’ आणि ‘आज’ डोळ्यांनी दिसतात. वसईच्या एका घरात नाताळच्या गोठ्यात गवत अंथरायचं काम तीन वर्षांच्या मुलीकडे आहे आणि त्या गवताला घरात दुसरं कोणी हात लावत नाही. मला ते फार आवडलं.

कागदकाम करायचंच असेल तर करा, पण त्याच्या हाताकडे बघून. साधारण तीन वर्षांचं मूल बघून गोल काढतं, फुली चारच्या आसपास जमते, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण पाचच्या सुमारास. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाकडून पतंगाचा रेखीव आकार मागणं म्हणजे त्याच्याकडे नसलेलं मागणं. फाडणं, चुरगाळणं, डिंकात बोट बुडवणं, ठसे उमटवणं हे त्याचं. पाच-सात मिनिटांनी तो उठून गेला तर काम अर्धवट राहिलं असं समजू नका, त्याचं झालेलं असतं. आणि ‘वा, किती छान’ एवढंच म्हणण्यापेक्षा काय दिसलं ते सांगा: "इथे तू जोरात दाबलंस." आपल्याकडे कोणीतरी नीट पाहिलं, हे मुलाला कळतं.

जपायच्या गोष्टींत मी आग्रही आहे. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ मणी, थर्माकोलचे गोळे, लहान टिकल्या ठेवू नका, त्या तोंडात किंवा नाकात जातात. सेलवर लागणाऱ्या पणत्यांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होऊ शकते. तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठा. रांगोळीचा हात डोळ्यांकडे जाऊ देऊ नका.

आणि खरी काळजी कधी करायची, तेही सांगते. मूल क्राफ्टला बसत नाही ही काळजीची गोष्ट नाही. पण तीन वर्षांचं होऊनही हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवलं तिकडे बघत नसेल, दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, खोटं-खोटं जेवण भरवणं किंवा बाहुलीला निजवणं असा खेळ अजिबात खेळत नसेल, तर शेजारणीचं न ऐकता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या मुलाच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. टेबलाखालचा उंदीर मला ते सांगून गेला होता.

शाळेचं काय, हा प्रश्न तिनं विचारलाच. मी म्हटलं, त्याचं जेवढं होईल तेवढंच द्यायचं आणि खाली एक ओळ लिहायची. पुढच्या पानावर नुसते पाच-सहा पिवळे ठिपके गेले आणि खाली तिच्या अक्षरात: ‘झेंडूची फुलं. मग तो खेळायला गेला.’ बाईंनी ते पान भिंतीवर लावल्याचं तिनं मला कळवलं. सगळ्याच शाळा असं करतील असं नाही, पण विचारून बघायला हवं.

दिवाळीत तिनं फोटो पाठवला. बाल्कनीत पत्र्याच्या ट्रेमध्ये किल्ला, एका बाजूला कललेला. सगळं अळीव एकाच कोपऱ्यात उगवलेलं, कारण त्यानं वाटी तिथेच उपडी केली होती. बाकी डोंगर बोडका. तिनं ते सारखं केलं नव्हतं.

मार्गशीर्षात तिचा फोन आला, तो तक्रारीचा नव्हता. किल्ला मोडला होता, अळीवही पिवळं पडलं होतं, पण लोटी घेऊन सकाळी बाल्कनीत जायचं काही तो सोडत नव्हता. म्हणून त्या ट्रेमध्ये दोघांनी मिळून मेथी पेरली आहे, म्हणाली.