एकच प्रथिन पेशीविभाजनातही आणि आरएनए स्प्लायसिंगमध्येही कसं?

तुम्ही सीडीसी५एल या मानवी प्रथिनाबद्दल विचारलंय. नाव फिशन यीस्टमधल्या (दोन सारखे भाग होऊन वाढणाऱ्या यीस्टमधल्या) सीडीसी५ जनुकावरून आलं. ते बिघडलं की यीस्टची पेशी विभाजनाच्या तोंडाशीच अडकते. म्हणून आधी वाटलं, हे विभाजनाचंच प्रथिन. पण मानवी पेशीत ते स्प्लायसोसोममध्ये (आरएनए कापून जोडणाऱ्या यंत्रणेत), त्यातल्या पीआरपी१९ नावाच्या प्रथिनांच्या संकुलात सापडतं. कच्च्या आरएनएतले इन्ट्रॉन (काढून टाकायचे तुकडे) कापून एक्सॉन (ठेवायचे तुकडे) जोडायच्या कामात, म्हणजेच स्प्लायसिंगमध्ये, ते लागतं.

मग विभाजनाशी संबंध कसा? मला यातला सगळ्यात सुंदर पुरावा सोरोरिनचा वाटतो. सोरोरिन हे जुळ्या क्रोमॅटिडना (गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रतींना) वेळ येईपर्यंत एकत्र धरून ठेवणारं प्रथिन. २०१४ मध्ये अनेक प्रयोगशाळांना दिसलं की स्प्लायसिंगची काही प्रथिनं कमी केली की सोरोरिनच्या आरएनएत इन्ट्रॉन तसाच राहतो, सोरोरिन पुरेसं बनत नाही आणि क्रोमॅटिड वेळेआधीच सुटतात. पेशीला इन्ट्रॉन नसलेलं सोरोरिनचं जनुक दिलं, की पकड बरीचशी परत येते!

म्हणजे विभाजनातला गोंधळ बऱ्याचदा स्प्लायसिंगमधून येतो. सीडीसी५एल डीएनए बिघाडाच्या तपासणीतही एटीआर या एन्झाइमशी जोडलं जातं, त्यामुळे त्याचं सगळंच काम स्प्लायसिंगच्या खात्यात टाकू नका.