आधी विहिरीत डोकाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. भूशास्त्र घेतलंस म्हणून "दगडं गोळा करून पोट भरणार का?" असं घरी विचारतात, हे वाचलं. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी डॉक्टर पाहिलाय, तलाठी पाहिलाय. भूवैज्ञानिक कधी दारात आलेला नाही.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. बी.एस्सी.वर थांबू नकोस. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळातल्या भूवैज्ञानिक पदांसाठी यूपीएससीची संयुक्त परीक्षा असते, तिला एम.एस्सी. लागते. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर 'जॅम' दे. पुढे 'गेट'ही दे, पीएच.डी.ला आणि काही सरकारी कंपन्यांना ती परीक्षा चालते. जागा थोड्या निघतात, म्हणून एकाच परीक्षेवर चार-पाच वर्षं लावू नकोस.

मला खरं बोलायचंय ते पाण्याबद्दल. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टवर बसलाय. या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते भेगांत, झिजलेल्या मुरुमात आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळे एका शेतात बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडे फुफाटा उडतो. हे कोडं सोडवणारा माणूस प्रत्येक तालुक्याला हवाय. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्था आहेत. बोगद्यांची, धरणांची कामं आहेतच. आणि माळीण (२०१४), इर्शाळवाडी (२०२३) इथे दरडी कोसळल्यानंतर डोंगरउतार वाचणाऱ्यांची गरज किती आहे, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नुसत्या यंत्राच्या आकड्यांवर भरवसा ठेवून एका शेतकऱ्याला बोअरची जागा दाखवली. दोनशे फूट कोरडं गेलं. शेजारच्या विहिरीत तांबड्या मातीचा पट्टा उघडा दिसत होता, पाणी त्याच्या वरच अडत होतं. मी त्या विहिरीत डोकावलोच नव्हतो. त्या माणसाने कर्ज काढलं होतं. तो मला एक शब्दही बोलला नाही. तीस वर्षं झाली, त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून या मे महिन्यात गावातल्या वीस विहिरी पाहा. टेप सोडून पाण्याची पातळी मोज, काठापासून तळापर्यंत कोणता थर किती फुटांवर आहे ते लिही, कोणत्या साली विहीर आटली ते म्हाताऱ्यांना विचार. दिवाळीनंतर त्याच विहिरी पुन्हा मोज. एकटी जाऊ नकोस, भावाला किंवा मैत्रिणीला सोबत ने.

ती वही घेऊन माझ्याकडे ये. आपण दोघं बसून नकाशा काढू.

तुझे,
सर