समोरच्या गॅलरीतला कुत्रा

प्रश्न : समोरच्या गॅलरीत कुत्रा दिवसरात्र हातभर साखळीला बांधलेला असतो. पाण्याचं भांडं बहुतेक वेळा कोरडंच. तक्रार कुठे करू? शेजाऱ्यांशी वैर नको वाटतं.
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, पशुवैद्य म्हणून नोकरीत असताना असाच एक कुत्रा माझ्याकडे आला होता. पट्टा मानेत इतका रुतलेला, की केस कापल्यावरच दिसला. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, बोललं कुणीच नव्हतं. म्हणून सांगतो, वैराची भीती बाजूला ठेवा.

आधी एकदा घरी जाऊन बोलून बघा. फरक पडला नाही, तर तारीख-वेळेसह फोटो जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. अर्जात १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ लिहा. आखूड साखळी आणि उपाशी-तहानलेलं ठेवणं, दोन्ही त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये, याची मला आजही चीड येते. पण पोलीस दारात आले, की साखळी सुटते, हे मी पाहिलंय. मारहाण दिसली तर अर्जाची वाट पाहू नका, लगेच ११२ लावा. जनावराला मारून टाकलं किंवा अधू केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.