प्रश्न वाचकांचे : फिलेमोनाला लिहिलेलं पत्र

प्रश्न : पहिल्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र जेमतेम पंचवीस ओव्यांचं. एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेली खासगी चिठ्ठीच ती. ती बायबलच्या नव्या करारात कशासाठी?

उत्तर : मूळ ग्रीकमध्ये हे पत्र साधारण 335 शब्दांचं, पौलाच्या पत्रांत सर्वांत लहान. पण खासगी म्हणाल तर नाही. पहिल्या दोन ओव्यांतले पत्ते पाहा : फिलेमोन, मग अप्फिया, मग अर्खिप्प, आणि शेवटी 'तुझ्या घरी जमणारी मंडळी'. पत्र चारचौघांत मोठ्याने वाचलं जाणार, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

एक प्रयोग करा. पेन्सिल घेऊन 'तू' आणि 'तुम्ही' वेगवेगळे खुणवा. तिसऱ्या ओवीतला आशीर्वाद 'तुम्हांला' आहे. चौथ्या ओवीपासून सगळं 'तू'वर येतं आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच राहतं. बाविसाव्या ओवीत 'माझ्यासाठी उतरायची सोय कर' हे फिलेमोनाला एकट्याला आहे, पण त्याच वाक्यात 'तुमच्या प्रार्थनांमुळे' पुन्हा सगळे आले. शेवटचा आशीर्वादही सर्वांना. म्हणजे बोलणं एकाशी, ऐकणारं घर भरलेलं. इंग्रजीतून वाचणाऱ्याची इथे हमखास गफलत होते, कारण तिथे दोन्हींना एकच शब्द. मराठीत फरक दिसतो. फक्त 'तुम्ही' आदरार्थी समजू नका, ते इथे अनेकवचनच आहे.

विनंती आहे अनेसिम नावाच्या गुलामाबद्दल. तुरुंगात असलेल्या पौलाजवळ तो आला, ख्रिस्ती झाला, आणि आता पौल त्याला मालकाकडे परत धाडतो आहे. अनेसिम म्हणजे 'उपयोगी'. गुलामांना अशी कामाची नावं ठेवण्याची तेव्हा रीतच होती. अकराव्या ओवीत पौल या नावावर कोटी करतो : आधी तो तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी आहे. त्यासाठी वापरलेले ग्रीक शब्द 'अख्रेस्तोस' आणि 'युख्रेस्तोस'. त्या काळच्या उच्चारात 'ख्रेस्तोस' आणि 'ख्रिस्तोस' जवळजवळ सारखेच ऐकू येत, तेव्हा 'अख्रेस्तोस'मध्ये 'ख्रिस्ताविना' हा अर्थही ऐकणाऱ्यांच्या कानावर पडला असावा.

मग येतो हिशेब. त्याचं काही देणं असेल तर माझ्या खाती मांड, असं अठराव्या ओवीत आहे, आणि शब्द अगदी वहीखात्यातला आहे. लगेच पुढे : मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. ही सरळ हमीचिठ्ठीच झाली. आणि तिच्याच शेपटाला, 'तू स्वतःच माझं देणं लागतोस, हे मी काढत नाही!' काढत नाही म्हणत काढलंच की. विनवणीत दडपण कसं मिसळावं, याचा इतका चोख नमुना विरळाच.

प्रश्न : अनेसिम चोरी करून पळाला होता, असं प्रवचनांत ऐकतो. पत्रात ते कुठे आहे?

उत्तर : कुठेच नाही. 'पळाला' हे क्रियापद पत्रात येत नाही आणि चोरीचाही उल्लेख नाही. पंधराव्या ओवीत 'काही काळ तुझ्यापासून दुरावला' एवढंच आहे, आणि अठरावी ओवी 'जर'ने सुरू होते. पळून गेल्याचा अर्थ जुना आहे आणि शक्यही आहे, पण तो अंदाज आहे.

दुसरा अंदाज रोमन कायद्यावरून येतो. मालकाचा राग शांत करायला त्याच्या मित्राकडे मध्यस्थीसाठी गेलेला गुलाम 'फरारी' धरू नये, असं पहिल्या शतकातल्या प्रोकुलस या कायदेपंडिताचं मत नोंदलेलं आहे. अनेसिम असाच पौलाकडे गेला असेल. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने साबिनियानस या मित्राला लिहिलेलं असंच एक मध्यस्थीचं पत्र सुदैवाने उपलब्ध आहे, तेही शेजारी ठेवून वाचावं. त्यातला माणूस गुलामीतून सुटलेला आहे. प्लिनी त्याचे अश्रू, पश्चात्ताप, कोवळं वय, सगळं वर्णन करतो. पौलाच्या पत्रात अनेसिमच्या पश्चात्तापाचा एक शब्द नाही. आहे ते नातं : हा माझा मुलगा, माझ्या काळजाचा तुकडा.

प्रश्न : पत्र कुठून लिहिलं?

उत्तर : पौल तेव्हा रोमच्या तुरुंगात होता, पॅलेस्टाइनमधल्या कैसरियाच्या की आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसच्या, यावर एकमत नाही. रोम धरलं तर इ.स. 60 ते 62, इफिस धरलं तर 50 नंतरची पाच-सहा वर्षं. फिलेमोनाचं घर कलस्सै इथे असावं, कारण नव्या करारातल्याच कलस्सैकरांस पत्रात अनेसिमला 'तुमच्यातलाच' म्हटलं आहे. कलस्सैहून इफिस दोनशे किलोमीटरच्या आत, रोम समुद्रापार. 'खोली तयार ठेव' हे इफिसहून जास्त सहज वाटतं, एवढं आमचं मत.

प्रश्न : मग पौलाने 'त्याला मुक्त कर' असं सरळ का लिहिलं नाही?

उत्तर : सोळाव्या ओवीत तो 'गुलाम म्हणून नव्हे, गुलामाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून' इथवर येतो आणि एकविसाव्यात 'मी सांगतो त्याहून जास्त करशील' म्हणून थांबतो. हे जास्त म्हणजे काय, ते घर भरून ऐकणाऱ्यांसमोर फिलेमोनानेच ठरवायचं. आठव्या ओवीत 'आज्ञा करू शकलो असतो, पण करत नाही' असं म्हटल्यावर दुसरं काही लिहिताही आलं नसतं.

या मोकळ्या जागेचा फायदा पुढे मालकांनी घेतला. 1833 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स या पाद्र्याने गुलामांपुढे याच पत्रावर उपदेश केला : आज्ञेत राहा, पळू नका. निम्मे श्रोते उठून चालते झाले. काहींनी ठासून सांगितलं, असलं पत्र बायबलात नाहीच.