घरामागच्या ड्राय स्की स्लोपवर वरचा थर कशाचा टाकावा?

तुम्ही विचारलंय की घरामागच्या उतारावर लाकडी फ्रेम ठोकून छोटा ड्राय स्लोप (बर्फाशिवाय स्की करायचा उतार) करायचाय, तर वर कृत्रिम गवत टाकू, प्लास्टिकची शीट टाकू की ब्रशवाल्या मॅट शोधू. आम्ही असला उद्योग केलाय आणि अजून वापरतोय, त्यामुळे जरा लांबलचक सांगतो.

बहुतेक जण सगळ्यात गुळगुळीत काय मिळेल तेच शोधत बसतात, तिथेच गडबड होते. स्की नुसती घसरून भागत नाही, तिची एज (खालची धातूची कड) कशात तरी रुतली पाहिजे, नाहीतर वळता पण येत नाही आणि थांबता पण येत नाही. म्हणून ताडपत्री, शॉवरचा पडदा, गुळगुळीत पत्रा असलं काही डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. एचडीपीईची, म्हणजे कडक पॉलिइथिलीन प्लास्टिकची, जाड शीट मात्र एका जागी भारी चालते, अगदी वर सुटायला जो ड्रॉप-इन रॅम्प करतात तिथे, कारण तिथे सरळच जायचं असतं. स्की जंपिंगवाले पण उन्हाळ्यात प्लास्टिकवरून येतात, पूर्व जर्मनीत हान्स रेनरने १९५४ मध्ये त्या मॅट आणल्या, पण ते धावपट्टीवर वळत नाहीत, त्यामुळे त्यांचं बघून आपण ठरवायचं नाही.

तयार मटेरियलमध्ये मुख्य तीन जाती समजा. ब्रिटनमधल्या जुन्या स्लोपवर डेंडिक्स असतं, म्हणजे धातूच्या पट्ट्यांत बसवलेले ताठ ब्रिसल (ब्रशचे केस) आणि मधे षटकोनी भोकं. एज मस्त धरते पण पडलात तर अंगठा त्या भोकात अडकून मुरगळतो, त्यासाठी ते बदनामच आहे. नेवेप्लास्ट इटालियन आहे, साच्यातून काढलेल्या मॅट, त्यावर गोल गोल रांगांत लवचिक प्लास्टिकच्या काड्या. कोपनहेगनला कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्लांटच्या छतावर २०१९ मध्ये कोपनहिल नावाचा स्लोप सुरू झाला तो याच्यावरच. तिसरं स्नोफ्लेक्स, बारीक तंतूंचा थर, खाली मऊ पॅड आणि वर पाण्याचा फवारा. पडायला हे सगळ्यात बरं, पण पॅड आणि फवारा जमेला धरला तरच, नुसता वरचा थर आणून टाकला तर ती मजा नाही.

आता घरगुती बजेटमध्ये शेवटी सगळे येतात कृत्रिम गवतावर. चालतं, पण कुठलंही नाही. पॉलिइथिलीनचं घ्या. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असतं पण राठ, आणि यूव्हीचं नीट संरक्षण नसेल तर उन्हात ठिसूळ होऊन त्याचा भुगा बागेत पसरतो. नायलॉन पाणी पितं आणि स्कीला धरून ठेवतं. पात्या आखूड आणि दाट हव्यात, लांब लुसलुशीत गवत दिसायला छान पण स्की त्यात बसते. आणि मैदानावरून काढलेलं जुनं टर्फ फुकट मिळत असेल तर आधी उलटं करून झटकून बघा, त्यात वाळू भरलेली असते, ती बेसची, म्हणजे स्कीच्या तळाची, अक्षरशः सालं काढते. टाकताना हात फिरवून बघा, एका दिशेला तळवा सहज सरकतो आणि उलट फिरवला की पात्या टोचतात. सहज सरकणारी दिशा उताराकडे ठेवायची.

पण माझं ऐकून किंवा अजून कोणाचं ऐकून अख्खा रोल घेऊ नका, सॅम्पल आणा आणि फळीवर टेस्ट करा. स्कीपेक्षा लांब फळी घ्या, त्यावर मटेरियल ठोका, वर जुनी स्की, स्कीवर वजन बांधा (रिकामी स्की पात्या दाबतच नाही, त्यामुळे फसवते), आणि फळी एका बाजूने उचलत जा. प्रत्येक वेळी स्कीला हलकं ढकलायचं. ज्या कोनाला ती थांबत पण नाही आणि वेग पण घेत नाही, सारखी सरकत राहते, तो कोन मोबाईलवर मोजा. त्याचा टॅन्जंट म्हणजे तुमचं घर्षण. ११ अंश आले तर साधारण ०.२, ६ अंशाच्या आत आले तर ०.१. तुमचा उतार या कोनापेक्षा चांगला ५-७ अंश जास्त नसेल तर वरून ढकलत ढकलतच खाली यावं लागेल. हीच टेस्ट कोरडी आणि ओली अशी दोनदा करा.

ओली का, तर त्यावर खालची मोकळी जागा ठरते. समजा ३ मीटर उंची आणि २० अंशाचा उतार. घर्षण ०.२ असेल तर खाली सपाटीवर जेमतेम ७ मीटरमध्ये आपोआप थांबाल. तेच पाणी मारून ०.१ झालं तर जवळपास २२ मीटर लागतात! हा कागदावरचा हिशोब आहे, हवा वगैरे सोडून, पण कुंपण कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवा. आम्ही उतार ओला ठेवतो आणि सपाटीवर तेच गवत कोरडं. फक्त ओल्यावरून एकदम कोरड्यावर आलात तर स्की थांबते आणि तुम्ही पुढे जाता, म्हणून मधला पट्टा अर्धवट ओला राहील असं पाणी सोडायचं. वरच्या कडेला भोकं पाडलेला पाइप आडवा टाकला की काम होतं.

पाणी नुसतं स्पीडसाठी नाही बरं का. बर्फावर स्कीखाली पाण्याचा पातळ थर आपोआप तयार होतो, प्लास्टिकवर तसं काही होत नाही, घासून झालेली बरीचशी उष्णता बेस आणि एजमध्ये जाते. बेस पण पॉलिइथिलीनचाच, कोरड्यावर तो लवकर झिजतो. म्हणून स्की जुन्याच वापरा. भांड्याचा साबण रेलवर (कसरतीसाठी लावलेल्या दांड्यावर) ठीक आहे, अख्ख्या उतारावर नको, कुठे जास्त कुठे कमी लागतो, मातीत जातो, आणि चालत वर चढणाऱ्याची वाट लागते.

जोड देताना कौलांसारखं, वरच्या तुकड्याची कड खालच्यावर यायला हवी. स्क्रू प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कडेलाच मारा म्हणजे वरचा तुकडा त्यावर येऊन डोकी झाकली जातात. गवताखाली फोमचा पॅड टाका, पण पाणी न शोषणारा, बंद पेशींचा, आणि फळ्यांमध्ये फटी ठेवा नाहीतर लाकूड कुजेल.

आणि एखादा बंद पडलेला स्लोप जुन्या ब्रिसल मॅट काढत असेल तर गवताचा विचार सोडून त्याच घ्या, मी तरी घेईन. फक्त घेताना ब्रिसलची टोकं बघा, एका बाजूला झिजून आडवी झालेली असतील तर मॅट फिरवून लावता येते, पण धातूची पट्टी उघडी पडली असेल तर ती मॅट घेऊ नका. आणि हातमोजे घालायचे ते पाच बोटांचे नाही, अंगठा आत राहील असे.