उडीचा खर्च कोणी करायचा?

प्रश्न : मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी मिळवून देण्यासाठी टँडम स्कायडाइव्ह, म्हणजे प्रशिक्षकाला जोडून घेऊन विमानातून पॅराशूटची उडी, करणार आहे. ठरावीक रक्कम जमली तर उडीची फी त्यातूनच भरू, असं संस्था म्हणते. हे योग्य आहे का? आणि तयारी काय करावी?

उत्तर : ही पद्धत रूढ आहे, पण देणगीदाराला ती माहीत असायलाच हवी. आपण दिलेले पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांवर खर्च होणार असं त्याने धरलेलं असतं. शक्य असेल तर फी पदरची भरा, किंवा एखाद्या नातेवाइकाकडून फक्त फीसाठी वेगळे पैसे घ्या. दोन्ही जमत नसेल तर आवाहनाच्या पहिल्याच ओळीत फीचा आकडा लिहा. देणग्या थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. ढग किंवा वारा असेल तर उडी पुढे ढकलली जाते आणि हे वरचेवर होतं. म्हणून राखीव तारीख आधीच मागून घ्या आणि उडी रद्द झाली तर देणग्यांचं काय होणार, तेही लिहून टाका.

रक्कमही भरीव हवी. स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागातली पाच वर्षांची एक पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. पॅराशूट उडीत जखमी झालेल्या १७४ जणांपैकी ९४ टक्के लोक मदतनिधीसाठी पहिल्यांदाच उडी मारणारे होते. माणशी जमले होते सरासरी ३० पौंड, आणि जमलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेला १३.७५ पौंड खर्च आला. तुम्ही टँडम निवडलंत ते बरं केलंत. त्यात पॅराशूट उघडणं आणि उतरवणं प्रशिक्षकाच्या हाती असतं.

आता तयारी. वैद्यकीय फॉर्म सगळ्यात आधी मागवा. फिट येणं, हृदयविकार, पाठीचं दुखणं, निखळलेला खांदा यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही लागू शकते. वजनाची मर्यादा केंद्रागणिक बदलते, ती विचारून घ्या. सर्दीने नाक चोंदलं असेल तर उडी पुढे ढकला. खाली येताना कानांवर दाब येऊन असह्य दुखतं.

तुमचा हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेले पट्टे, प्रशिक्षकाच्या हार्नेसला चार ठिकाणी जोडतात, दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी. दारात डोकं मागे त्याच्या खांद्यावर टेकवायचं, कंबर पुढे काढायची, पाय मागे दुमडायचे. साधारण १३,००० फुटांवरून उडी मारली तर मुख्य पॅराशूट सुमारे ५,००० फुटांवर उघडेपर्यंत पाऊण ते एक मिनिट जातं. दोघांच्या वजनाने वेग फार वाढू नये म्हणून ड्रोग हे छोटं पॅराशूट आधीच सोडलेलं असतं. तरीही वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो.

खरी काळजी उतरताना घ्यायची. जमीन जवळ आली की पाय आपोआप खाली जातात, मागून प्रशिक्षकाचं वजन येतं आणि घोटा मोडतो. म्हणून घरी खुर्चीच्या कडेवर बसून दोन्ही पाय सरळ, कमरेच्या उंचीला उचलून दहा सेकंद धरायचा सराव रोज करा. मांडीभोवतीच्या पट्ट्यांमुळे प्रत्यक्षात हे जड जातं. तेव्हा गुडघ्याखाली हात घालून किंवा पँटचं कापड धरून पाय वर ओढा. जीन्स नको, सैल पँट घाला. बूट लेसचे, पण हुक नसलेले.

प्रश्न : उडीचं चित्रीकरण मोबाइलवर करता येईल का?

उत्तर : नाही. पहिल्या उडीला हातात काहीही देत नाहीत. प्रशिक्षकाच्या मनगटावरच्या कॅमेऱ्याने चित्रण होतं, त्याचे पैसे वेगळे पडतात. ते मात्र देणग्यांतून मुळीच देऊ नका.